बिनसमुद्राचा खलाशी

जहाजावरून पहिल्या सुट्टीवर खामगावला आलो, तेव्हा मी पांढराफटक पडलो होतो. समुद्रावरचा माणूस रापून येतो, असं सगळ्यांनी धरलेलं. पण माझं काम जहाजाच्या पोटात, इंजिनापाशी. तिथे ऊन कुठून येणार? गल्लीने ठरवून टाकलं, हा जहाजावर नव्हताच, तुरुंगात होता.

ही कुजबुज माझ्याआधी जळगाव जामोदला पोचली. तिथे मी मुलगी पाहायला गेलो आणि खरं सांगतो, ती पाहताक्षणीच मनात भरली. चहा देऊन ती आतल्या दारात आईजवळ जाऊन उभी राहिली. तिचे वडील कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगमध्ये इंजिनवर होते. ते माझ्याकडे नुसते बघत बसले. उलटतपासणी तिच्या मामांनी घेतली.

"समुद्र कसा दिसते हो?"

"लय नाही पाह्यला जी," माझा आवाज नेहमीसारखाच मोठा लागला. "मी खाली राह्यतो, यंत्राले तेल देतो."

"जहाजावर होते अन् समुद्र नाही पाह्यला!" मामांनी मांडीवर थाप मारली. "अन् वरडता काऊन?"

मला अस्सा राग आला! पण आवाज आणखी चढला असता, तर चोर तो चोर वर शिरजोर म्हणाले असते. मी खाली बघून चहा प्यायलो.

मान वर केली, तर दारातली मुलगी आईला आवाज न करता, नुसत्या ओठांनी काही सांगत होती. मी बोलून गेलो, "बेडी नव्हती जी पायात. जहाज हालते, म्हनून पाय फाकवून चालाची सवय लागली."

मुलगी लालबुंद झाली. मामा म्हणाले, "हा तं जादूटोना हाय!"

तेवढ्यात वडिलांचे ओठ हलले. आवाज नाही. 'बेरिंग तापलं तं कसं समजते?'

मीही तसंच उत्तर दिलं. 'हात लावून पाह्यतो.'

इंजिनाच्या धडधडाटात कानांचा उपयोग नसतो. जहाज असो की जिनिंग, माणसं ओठ बघूनच बोलतात. वडील मोठ्यांदा हसले. "इंजिनावरचाच हाय हा," ते मामांना म्हणाले. मग मुलीकडे वळून विचारलं, "काय वं, करतं काय?" तिने मान हलवली.

लग्नाला बरीच वर्षं झाली. ती शेजारणीशी बोलत असते आणि मी दिसलो की पदर तोंडापुढे धरते. मग पदराआड दोघी हसतात. आता संशय मला येतो.