तंबाखू खाता का?

निपाणीच्या ज्योत्स्नाला बेळगावच्या प्रयोगशाळेत सगळे हुशार म्हणत आणि तिलाही ते पटलं होतं. तिथं तोंडाच्या कर्करोगाची नवी चाचणी बसवणं चाललं होतं. गालाच्या आतून काडी फिरवून पेशी घ्यायच्या, त्यांतल्या डीएनएवर चिकटलेल्या मिथाइल या रसायनाच्या खुणा मोजायच्या आणि निरोगी माणसाच्या खुणांशी ताडून पाहायच्या. तंबाखूनंही त्या खुणा वाढतात, म्हणून तंबाखूला न शिवणाऱ्या निरोगी बायका हव्या होत्या; त्या ज्योत्स्नानंच आणल्या, आपल्या गल्लीतल्या. पहिली तिची आई, कोंडाबाई, वखारीत तंबाखू निवडण्यात जन्म गेलेली.

"तंबाखू खाता का?" ज्योत्स्नानं प्रयोगशाळेच्या प्रमुख प्रियदर्शनी मॅडमसमोर ऐटीत विचारलं.

"न्हाय बा. तंबाखू आन् आमी?" कोंडाबाई म्हणाली. बाकीच्यांनीही माना हलवल्या.

खोटं एकीचंही नव्हतं. मिश्री कुणी खात नाही, लावतात. भाजलेल्या तंबाखूची ती पूड गल्लीत दातांसाठीच असते. ज्योत्स्नाला हे ठाऊक नसायला काय झालं? तिच्याच पर्समध्ये डबी होती. पण मॅडमसमोर मिश्रीचं नाव काढायची तिला लाज वाटली, म्हणून तिनं पुढचं विचारलंच नाही.

निरोगी बायकांच्या खुणा रोग्यांसारख्याच आल्या. मॅडमनी रसायनं बदलली, यंत्र तपासलं, नमुने पुन्हा लावले. आकडे काही हटेनात. ज्योत्स्ना खाली मान घालून नळ्या मांडत राहिली. तिला आईची लाज वाटत होती आणि आईची लाज वाटते याची त्याहून जास्त.

"निरोगी माणसांतच इतकं असेल तर रेघ वर न्यायला हवी," शेवटी मॅडम म्हणाल्या. त्या रेघेच्या वर जाईल तो रोगी. रेघ वर सरकली आणि शालूबाईंचा नमुना तिच्याखाली गेला. शालूबाई म्हणजे खासबागेतल्या भाजीवाल्या, गालात पांढरा चट्टा घेऊन आलेल्या. "यांच्या चट्ट्याचा तुकडा काढून तपासायला नको. घरी पाठव."

बाहेर बाकावर शालूबाई पिशवी आवरू लागल्या होत्या. ज्योत्स्नानं पर्समधली डबी काढून टेबलावर ठेवली.

"मॅडम, आमच्या बायका मिश्री लावतात. सगळ्याच. मला माहीत होतं."

मॅडमनी डबी उघडून हुंगली. "ही कुणाची?"

'आईची' हा शब्द अगदी ओठांवर आला होता. ज्योत्स्नाला स्वतःची किळस आली.

"माझी," ती म्हणाली.

शालूबाईंना थांबायला सांगून मॅडमनी नव्या काडीचं पाकीट फोडलं आणि काडी ज्योत्स्नापुढे धरली.

"आता तोंड उघड."