बी बाजू कोरी नव्हती

भोसरीतल्या आमच्या घराची पुढची खोली म्हणायला बैठकीची आहे, पण तिथे पाहुण्याला नीट बसता येत नाही. दोन स्पीकर भिंतीपासून हातभर पुढे, विटांच्या थरावर ठेवलेले, आणि त्यांच्यासमोर एकच खुर्ची. भिंतीला चिकटवले की खालचा आवाज फुगतो, ढोलकी पोत्यावर वाजवल्यासारखी लागते. बायको म्हणायची, "ह्ये घर हाय का थेटर?" ती गेली त्याला चार वर्षं झाली. आता दुसरी खुर्ची ठेवली तरी चालेल, पण ठेवलेली नाही.

हा नाद मी स्वस्तातच केला. कंपनीत बाहेरून मशीन यायची ती लाकडी पेट्यांतून. त्या पेट्यांचं लाकूड भंगारात निघायचं, ते आणून चिखलीच्या एका सुताराकडून खोकी करून घेतली. आतले स्पीकर पुण्यात बुधवार पेठेतल्या गल्ल्या पालथ्या घालून आणले. खोक्यात भरायला जुन्या गादीचा कापूस. ॲम्प्लिफायर असेंबल केलेला, त्याच्या पत्र्याला अजून हात लावला की झिणझिण्या येतात. कॅसेटचा डबल डेक मात्र चांगला घेतला होता, त्यासाठी दोन वर्षं ओव्हरटाइम केला. आजही कोणी विचारलं तर सांगतो, पैसे घालायचे तर स्पीकरमध्ये घाला, डब्यावरच्या दिव्यांमध्ये नको. आणि दोन्ही स्पीकर कानाच्या उंचीवर ठेवा. एवढं केलं की जुन्या गाण्यातली बाई श्वास कुठे घेते तेसुद्धा कळतं.

कंपनीत मी क्वालिटीला होतो. मशीनवर तयार झालेला जॉब मापाच्या गेजला लावायचा, बसला तर पास, नाही बसला तर लाल शाई. तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढणं हेच काम. त्यामुळे असेल, पण आवाजाच्या बाबतीतही लोक माझा शब्द शेवटचा मानायचे. शॉपमधली, म्हणजे मशीनवरची, पोरं कॅसेट आणून द्यायची, मी त्यांच्या कॉपी काढून द्यायचो, आणि प्रत्येकाला एक नियम शिकवायचो. कॅसेटच्या पाठीला दोन छोट्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या असतात. जपायची कॅसेट हातात आली की आधी त्या मोडायच्या. मग तिच्यावर चुकूनही काही रेकॉर्ड होत नाही.

माझा एक दोस्त मिलिंग मशीनवर होता. आमची शिफ्ट एक, डबा एक. त्याचे वडील, आबा, मराठवाड्यातल्या त्यांच्या गावाकडे जलशात गायचे. भीमजयंतीला गावोगाव त्यांची पार्टी जायची. म्हातारपणी खोकल्याने गळा बसत चालला, तेव्हा दोस्ताने एक टेपरेकॉर्डर उसना घेतला आणि गावी गेला. आबा मशीनसमोर गायला तयार होईनात. त्याच्या थोरल्या बहिणीने, आक्काने, त्यांना दोन दिवस मनवलं तेव्हा कुठे ते बसले. एक बाजू भरून गाणी झाली. दुसऱ्या बाजूला त्यांनी स्वतः रचलेली गाणी आणि पार्टीच्या हकिकती. ती कॅसेट त्याने माझ्याकडे दिली.

"तुझ्या मशीनवर चांगल्या कॅसेटमध्ये उतरवून दे राव. एवढीच आहे."

तो असंही म्हणाला होता की दोन्ही बाजू भरल्यात. हे मी नंतर कित्येक वर्षं स्वतःपाशीही कबूल केलं नाही, म्हणून इथे आधीच लिहितो. तो म्हणाला होता. मी लक्ष दिलं नव्हतं.

शनिवारी ए बाजू उतरवली. पेटीचा भाता फुसफुसतोय, मागे पोरगं रडतंय, कोणीतरी भांडं आपटतंय. गळा बसत चालला तरी आबांचा आवाज खडा होता, पण मी तो ऐकलाच नाही, मी खरखर ऐकत बसलो. खरं सांगायचं तर त्या कॅसेटला मी गाणं मानलंच नव्हतं. माझ्या लेखी गाणी म्हणजे रेडिओवरची, वाद्यवृंद लावून केलेली. आम्ही आमच्या गावचे जुने जमीनवाले. वस्तीत जयंतीला काय गातात ते आम्ही लांबून ऐकलेलं, आणि लांबून ऐकायचं असतं असंच आम्हाला वाटायचं. पट्ट्या मोडायच्या राहिल्या त्या यामुळेच. दुसऱ्या कोणाची कॅसेट असती तर मी आधी त्या मोडल्या असत्या.

रविवारी सकाळी रेडिओवर जुन्या भावगीतांचा कार्यक्रम असायचा. निवेदिकेने सांगितलं की पुढे अमुक गाणं आहे. ते गाणं मी अकरा-बारा वर्षं शोधत होतो. एकदा लहानपणी ऐकलेलं, तबकडी कुठे मिळत नव्हती. घरात कोरी कॅसेट नव्हती, आणि पुसायला जुनी शोधण्याएवढा वेळ नव्हता. समोर दोस्ताची कॅसेट पडलेली. मी ती उलटून डेकमध्ये घातली आणि अर्धा मिनिट ऐकलं. नुसती सूंऽऽ अशी खरखर. कोरी आहे, असं मीच ठरवलं आणि प्ले-रेकॉर्ड अशी दोन्ही बटणं दाबली. आता वाटतं, त्या अर्ध्या मिनिटात आबा बहुतेक पेटीशी सरसावून बसत असतील.

गाणं झालं. पुढची गाणीही चांगली होती, म्हणून कार्यक्रम संपेपर्यंत टेप चालू ठेवली. मग फीत किती उरली ते बघायला प्ले दाबलं, आणि खोलीत म्हातारा बोलायला लागला.

तीनेक मिनिटं होतं ते. मग फीत संपून बटण खट्टकन वर आलं.

इथपर्यंतची चूक मी त्याच दिवशी सांगू शकलो असतो. तो चिडला असता, रडला असता, पण शेवटची तीन मिनिटं तरी त्याला मिळाली असती. मी काय केलं ते सांगतो. माझी एक जुनी कॅसेट काढून तिच्यावर ते मिळालेलं गाणं उतरवून घेतलं. ते वाया जायला नको होतं. मग रेकॉर्डिंगच्या आवाजाची पट्टी शून्यावर आणली, पुन्हा दोन्ही बटणं दाबली आणि आबांच्या कॅसेटची बी बाजू सुरुवातीपासून शेवटपर्यंत कोरी केली. भावगीतं पुसली आणि त्यांच्या मागची ती तीन मिनिटंही पुसली, कारण ती ऐकू आली असती तर बाकीचं कुठे गेलं हा प्रश्न निघाला असता. अर्धा तास लागला. बायकोने जेवायला दोन हाका मारल्या. मी "आलो आलो" म्हणत फिरणाऱ्या चाकांकडे बघत बसलो.

सोमवारी शॉपमध्ये त्याला दोन्ही कॅसेट दिल्या. म्हटलं, "ए बाजू मस्त उतरली. बी कोरी आहे."

"कोरी कशी? मी तर दोन्ही बटणं दाबली होती."

"एक नीट बसलं नसेल. प्ले एकटंच दाबलं तर चाकं फिरतात, भरत काही नाही. होतं नव्या माणसाचं."

त्याने आपल्या उजव्या हाताच्या बोटांकडे बघितलं. मिलिंगवर मिलिमीटरच्या दहाव्या भागाचीही चूक न करणारी बोटं. मग मान हलवली. मी क्वालिटीचा माणूस, मी म्हणतोय म्हणजे तसंच असणार.

पुन्हा गावी जाऊन भरू, असं ठरलं होतं. पुढच्या उन्हाळ्यात आबा वारले.

तेव्हापासून त्यांच्या घरात ही गोष्ट झाली. लग्न असो, बारसं असो, आक्का सगळ्यांसमोर म्हणणार, "ह्याच्या भरवशावर काही ठेवू नका, ह्याला दोन बटनं दाबता येईनात." लोक हसायचे, तोही हसायचा. आक्का हसायची नाही. माझ्याकडे वळून मात्र ती म्हणायची, "तुमच्यामुळं एक बाजू तरी राहिली भाऊ." त्यांच्या घरी माझ्या ताटात पहिली भाकरी पडायची.

रिटायर झाल्यावर नाद आणखी स्वस्त झाला. मुठीएवढा चिनी ॲम्प्लिफायर आला, फोनवरून गाणी लागायला लागली. मी अकरा-बारा वर्षं शोधलेलं ते गाणं आता फोनवर बोट लावलं की लागतं, माझ्या कॅसेटपेक्षा कितीतरी स्वच्छ. पहिल्यांदा सापडलं त्या दिवशी मी अर्ध्यातच बंद केलं. आता तर वरचे स्वर मला ऐकूच येत नाहीत. झांजा वाजतात हे आठवणीनेच कळतं.

गेल्या वर्षी त्याच्या मुलाने पुनावळ्याला फ्लॅट घेतला. वास्तूच्या दिवशी बुद्धवंदना झाली, खीर झाली आणि मग आबांची ए बाजू लावली. स्पीकर मीच भेट दिलेले. गाणी संपली तशी त्याची नात म्हणाली, "आजोबा, दुसरी बाजू लावा ना."

त्या दिवशी कानातलं मशीन लावून बसलेली आक्का खुर्चीतून म्हणाली, "दुसरी बाजू तुझ्या आजोबानं खाल्ली."

सगळे हसले. या वेळी तो हसला नाही. सत्तरी ओलांडलेला माणूस, खाली बघून नातीला म्हणाला, "माझीच चूक झाली होती बाळा. घाई केली मी."

मी खिरीची वाटी खाली ठेवली. तरीही त्या दिवशी बोललो नाही. दोन आठवडे गेले. मग फोन करून त्याला घरी बोलावलं, एकुलत्या खुर्चीत बसवलं आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. गाणं आधी उतरवून घेतलं, तेही.

तो खुर्चीतून उठला. मग म्हणाला, "चल."

"कुठे?"

"आक्काकडं. मला सांगून काय करू मी? मला माहीत होतं मी दाबलं होतं. तूच मला विसरायला लावलंस."

आक्का चिखलीला लेकीकडे राहते. शेअर रिक्षात तो माझ्या शेजारी बसला. लेकीच्या घराखाली पॉवर प्रेसचं वर्कशॉप आहे, दर दोन सेकंदांनी जमीन हादरते. आक्काला आता मशीनशिवाय जवळजवळ ऐकू येत नाही. पण ते शिट्टी मारतं म्हणून घरी ती ते डबीत ठेवते. मी हळू आवाजात सुरुवात केली.

"काय म्हणायलाय ह्यो?" तिने भावाला विचारलं.

"मोठ्यानं सांग," तो मला म्हणाला. "माझ्याकडं नको बघू. तिच्याकडं बघ."

"आक्का, कॅसेट मी पुसली."

"काय पुसलं?"

"कॅसेट! आबांची! मी पुसली!"

खालची प्रेस नेमकी थांबली होती. जिन्यात कोणीतरी थबकलं. तिची लेक ओल्या हातांनी बाहेर आली. मला तेच पुन्हा दोनदा ओरडून सांगावं लागलं, कारण पहिल्यांदा तिला वाटलं मी धूळ पुसली म्हणतोय.

"आन् मंग ह्यानं बटन?"

"दाबलं होतं. दोन्ही दाबली होती."

ती भावाकडे बघत राहिली. मग माझ्याकडे वळून तिने विचारलं, "तुम्ही ऐकलं ना? काय बोलत व्हते आबा?"

"खोकले. पाणी मागितलं."

"पानी मीच दिलतं," ती म्हणाली. "आन् मंग?"

"मग पार्टीतल्या माणसांची नावं सांगत होते. ढोलकीला कोण, पेटीला कोण, कोरसला कोण."

"कोन कोन?"

मला सांगता आलं नाही. मी तेव्हा फीत किती उरली ते बघत होतो. तिने स्वतः दोन नावं घेतली, तिसऱ्याला अडली, आणि भावाकडे बघितलं. त्यालाही येत नव्हतं. पार्टी गावोगाव फिरायची तेव्हा तो लहान होता.

आक्काने पदराने तोंड पुसलं. मग त्याला म्हणाली, "जेवलास का तू?"

"न्हाई."

"बस मंग. वाढ गं मामाला."

मला कोणी बस म्हणालं नाही, जा म्हणालं नाही. मी चपला घालत होतो तेव्हा तो उष्ट्या हाताने दारापर्यंत आला.

"लेखी दे," म्हणाला.

कंपनीत मोठा जॉब बिघडला की लेखी खुलासा द्यावा लागायचा. कोणी बिघडवला, कसा, कधी. असे शेकडो खुलासे मी मागून घेतलेत. "गावाकडं अजून चार-पाच जण आहेत, आक्कासारखंच बोलतात," तो म्हणाला. "त्यांना पाठवतो. आणि लहान करून लिहू नको."

पहिला कागद एकपानी होता. चूक झाली, दिलगीर आहे, अशा भाषेत. तो घेऊन मी पुनावळ्याला गेलो. त्याने दारातच घेतला, चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला आणि परत दिला.

"नावं?"

"आठवत नाहीत."

"मग तेही लिही."

म्हणून हे सगळं नव्याने लिहिलं. कॅसेटची बी बाजू कोरी नव्हती. ती ज्याने भरली त्याची काही चूक नव्हती. शेवटच्या तीन मिनिटांत आबांनी आठ तरी माणसांची नावं घेतली होती, कोण काय वाजवायचं त्यासकट, सावकाश, कोणी लिहून घेत असावं तशी. मी ती सगळी ऐकली. माझ्यानंतर ती कोणीच ऐकली नाहीत. मला त्यातलं एकही आठवत नाही.