निकाल द्यायचा राहिला

नानामामा गेल्याचा फोन वडीगोद्रीहून आला, तेव्हा मी जालन्याच्या कॉलेजात देशादेशांतले व्यापारी तंटे कसे मिटतात, हाच धडा शिकवत होतो. अर्धवट सोडलेलं ते वाक्य पुढं काय होतं, ते अजून आठवत नाही. महिना होत आला, पण डोकं ठिकाणावर नाही.

मामांच्या घराचा पिढीजात धंदा मेंढरांचा. मामांनी शेती धरली, पण बांधाचं, पाण्याचं भांडण झालं की माणसं त्यांच्याच ओसरीवर यायची. भांडणाऱ्या दोघांना ते आधी एका ताटात जेवायला बसवत. उपाशी माणसाला न्याय पटत नाही, असं त्यांचं म्हणणं.

दिवाळीत त्यांनी मला विचारलं, "भाचेराव, देशादेशांची भांडणं कोण मिटवतं?" मी सांगितलं, आधी दोघांनी आपसात बोलायचं. "बराबर हाय." नाही जमलं, तर जिनिव्हातली जागतिक व्यापार संघटना पंच नेमते. "हे बी बराबर." आणि हरणाऱ्यानं निकाल मानला नाही, तर त्याच्या मालावर जादा कर लावायची मुभा जिंकणाऱ्याला मिळते. मामा थबकले. "म्हंजे त्यानं माझी मेंढरं आडवली, म्हून म्या त्याची आडवायची? मंग चरली कुणाची?" मी पुढं सांगितलं, अपीलही करता येतं, पण ते ऐकणाऱ्यांच्या खुर्च्या काही वर्षं रिकाम्या आहेत. नेमणुकांवर एकमत होत नाही, म्हणून प्रकरण तसंच लटकतं. "समद्या दुनियेत एक बी म्हातारा न्हाई?" मामा ठसका लागेपर्यंत हसले. मीही हसलो.

शेवटचं भांडण किसन आणि विष्णू या सख्ख्या भावांचं, सामाईक विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून. मामांनी दोघांना जेवू घातलं, ऐकून घेतलं, मंगळवारी सांगतो म्हणाले आणि सोमवारीच गेले. आता विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीला दोघांची दोन कुलपं आहेत. मोसंबी दोघांचीही सुकतेय.

काल मामींना भेटायला गेलो, तर दोघे भाऊ ओसरीवर आले. किसन म्हणाला, "आता तूच सांग. तुला तर देशांचं बी कळतं."

मला काही कळत नाही हो! धडा येतो, एवढंच. मामांचा रागच आला... एक दिवस थांबले असते तर काय बिघडत होतं? "सकाळी विहिरीवर या," माझ्या तोंडून निघून गेलं, आणि दोघंही मान हलवून उठले. आज सकाळी मी गेलो. दोघं माझ्याआधीच येऊन उभे होते, हातात आपापली किल्ली घेऊन. मी तोंड उघडलं आणि मला रडूच आलं. काय करावं ते त्यांनाही कळेना. मग विष्णूनं हळूच पुढं होऊन आपलं कुलूप काढलं.