पिंजऱ्यातली पोळी

ऑकलंडला जायचं ठरलं, तसा मोत्याला विमानातून न्यायचा पिंजरा आणला आणि सवय व्हावी म्हणून हॉलमध्ये ठेवला. कुत्र्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, त्याला खायला आतच द्या. मी तूप लावलेली पोळी आत ठेवायची. मोत्या मागचे दोन्ही पाय बाहेर रोवून मान लांब करायचा, पोळी ओढायचा आणि माझ्याकडे बघत बघत बाहेर खायचा. ज्याच्या हातचं रोज खायचं, त्याच्यावरच संशय घ्यावा लागणं किती अवघड असेल.

आई खुर्चीतून बघत होती. तीही आमच्याबरोबर येणार होती.

"त्याचं बरोबर आहे," ती म्हणाली. "एवढं तूप त्याला कधी मिळालं होतं? मलाही तू हल्ली रोज विचारतेस, आज काय करू म्हणून. तिथल्या बागांचे फोटो दाखवतेस."

मी हसले, पण मग मला माझाच संशय आला. या दोघांना मी नेमकी कुणासाठी नेत होते?

मी तिच्याजवळ जाऊन बसले. "तिथे थंडी असते, आई. मी दिवसभर ऑफिसात, तू घरात एकटी. ओळखीचं कुणी नाही. तुझ्यासाठी म्हणून नाही नेत मी तुला. मला तुझ्याशिवाय करमणार नाही. नको वाटत असेल तर नको म्हण."

 आई म्हणाली, "हे आधी सांगायचंस. येते मी."

मोत्या पोळी संपवून दाराशी जाऊन बसला होता. त्याला असं विचारायची काही सोय नव्हती.