नेहमीइतकं दूध

बायकोच्या मेंदूच्या ऑपरेशनआधी भूलतज्ज्ञ बाईंनी मला दुधासारखं पांढरं औषध दाखवलं. "हे शिरेतून गेलं की मेंदूचं काम मंदावतं. मग त्याला रक्तही कमी लागतं."

मी शहाण्यासारखी मान हलवली. कळलं ते एवढंच, की घरातलं माणूस कमी झालं की कुकरला तांदूळही कमी लागतात.

स्ट्रेचरवरून ही म्हणाली, "अहो, उद्यापासून दूध अर्धा लिटरच घ्या. नासवाल."

"गप्प बस गं," मी म्हणालो. अख्ख्या संसारात पहिल्यांदाच तिने माझं ऐकलं.

औषध थांबवून तीन दिवस झाले, तिने डोळे उघडलेले नाहीत. आज दूधवाल्याने विचारलं, "काका, काकू येईपर्यंत अर्धाच देऊ?"

"नको, नेहमीइतकंच दे."

फ्रिजमध्ये तीन पातेली साठलीत. तिने उठून ओरडावं, एवढंच.