सुवासिनींचं टेबल

हळदीकुंकवाचं ताट माझ्यासमोर आलं, थांबलं आणि पुढे गेलं. ताट बागाईतवाल्यांच्या थोरल्या वहिनींच्या हातात होतं. माझ्या शेजारणीच्या कपाळाला त्यांचं बोट लागलं, मग मला ओलांडून पलीकडचीला लागलं. वर हसून म्हणाल्या, "तू जरा मागं बस गं. शुभकार्य हाय."

शुभकार्य काय होतं, ते सांगते.

आमच्या गावच्या उपकेंद्रातलं डिलिव्हरीचं टेबल मोडलं होतं. एक पाय विटांवर. बाई कळा देत असताना नर्सबाई एका हाताने टेबल धरून ठेवायच्या. आणि संक्रांत आली की गावभर बाया वाण वाटणार. प्लास्टिकच्या गाळण्या, डब्या, सगळी भंगार. मी म्हटलं, या वर्षी वाण नको. त्याच पैशातून टेबल आणू. सगळ्याजणी कबूल झाल्या, वहिनीसुद्धा.

विधवेने वाण वाटायचं नसतं. तरी टेबलासाठी आम्ही विधवांनीही पैसे दिले. हौसाबाईने दिले. ती भीमाशंकरकडच्या डोंगरातून मजुरीला आलेली, माझ्यासारखीच नवरा गेलेली. खुरपणीचे पैसे तिने पदराच्या गाठीतून सोडून माझ्या हातावर ठेवले.

दुकानदाराशी भाव करायला मला पाठवलं. मी भाजीच्या धंद्यातली. दिराने वावरात पाय ठेवू दिला नाही, तेव्हा कोथिंबिरीच्या जुड्या बांधायला लागले. आज पिंपरी पेंढारपासून अवसरीपर्यंत मेथीचे उभे प्लॉट उक्ते घेते. शेतकरी बांधावरून आकडा सांगतो. मी आत शिरून बुडाची पिवळी पानं बघते आणि मग माझा आकडा सांगते. पुण्याचा दुकानदार म्हणाला, "ताई, ही काय भाजी आहे का?" मी म्हटलं, "भाजी असती तर एवढा वेळ दिला नसता. चाकाला गंज हाय, त्याचा पण भाव लावलास काय?" टेम्पो धुऊन टेबल मीच गावात आणलं. तेव्हा माझं कपाळ कुणी बघितलं नाही.

तर मी मागे जाऊन बसले. हो, बसले. इतकी वर्षं बसत आले, तशीच. समोर टेबल हार घालून ठेवलेलं. त्याच्या कडेला लाल रंगात ताजी अक्षरं.

हौसाबाईला वाचता येत नाही. तिने कोपराने ढोसून विचारलं, "काय लिवलंय गं?"

मी वाचलं, "गावातील समस्त सुवासिनींकडून सप्रेम भेट."

"मंग आपलं कुटं गेलं?"

मी उठले.

"वहिनी, हे कुणी लिवलं?"

"आगं, रीत हाय ती. बाळंतपणाची वस्तू. तिथं तसलं बरं दिसतं का?"

"तसलं म्हंजे?"

त्यांनी ताटातलं कुंकू बोटाने सारखं केलं.

"आमचे पैसे घेताना कुटं गेली व्हती रीत?"

"शिकलेल्या बायकांत बोलायची काय ही पद्धत?" वहिनी नर्सबाईंकडे बघून म्हणाल्या. नर्सबाई हार नीट करत राहिल्या.

वहिनींच्या घरची बाळंतपणं खासगी दवाखान्यात होतात, एसीच्या खोलीत. या टेबलावर त्यांच्या घरचं कुणी कधी झोपणार नाही. झोपणार ती मजुराची बायको, वीटभट्टीवरची पोर. आणि एखादी, जिचा नवरा पोर पोटात असतानाच गेला. मी तशीच बाळंत झाले. याच खोलीत. तशी बाई कळा देत मान वळवणार आणि तिला हे वाचायला मिळणार.

माझ्या पिशवीत सुतळी कापायची सुरी असते. ती काढली. बाया मागे सरकल्या. त्यांना वाटलं, मी वहिनींच्या अंगावर जाते. तेवढी त्यांची किंमत मी लावत नाही. मी टेबलापाशी बसले आणि तो एक शब्द खरवडून काढला. रंग पुरता वाळलाही नव्हता.

वहिनींचा आवाज चिरका झाला. "उद्यापासनं आमच्या वावरातली मेथी तुला न्हाई!"

"नका देऊ. दुसरा पडत्या भावात घेऊन जाईल, मंग रडत बसा."

मी घेत होते त्यात त्यांचे प्लॉट सगळ्यात मोठे होते. त्या हंगामात टेम्पो अर्धा रिकामा मंचरच्या बाजाराला गेला. नुकसान झालं. पण त्यांच्या दारात गेले नाही.

यंदा वहिनींना सुधारणा सुचली आहे. विधवांचा सन्मान. स्वतः माझ्या गाळ्यावर आल्या. "ये गं. कुंकू लावणार हाय तुमाला, साडी हाय, फोटोवाला बी येणार हाय." नमुना म्हणून साडी दाखवली. मी बोटांत धरून पोत बघितला. दोन धुण्यांत विटेल असलं कापड. सन्मानातही यांनी घासाघीस केली.

"साडी ठेवा तुमच्याकडं," मी म्हटलं. "गिऱ्हाईक थांबलंय, व्हा बाजूला."

तुमचं कुंकू मला नको. तेव्हाचं नाकारलेलं नको, आताचं उपकाराचं तर नकोच. मी घेणारी नाही, देणारी आहे. शाळेत पोरींच्या संडासाला दार नाही. पोरी पाळी आली की घरी बसतात. ते दार आम्ही बसवणार आहोत. हौसाबाई देणार आहे, मी देणार आहे, नवरा असलेल्या देणार आहेत, नवऱ्याने टाकलेल्याही देणार आहेत. सुताराशी भाव मीच करणार. ताट निघणार नाही, हार येणार नाही, दारावर नाव पडणार नाही. वहिनींना द्यायचं असेल तर त्यांनीही द्यावं. रांगेत उभं राहावं, हौसाबाईच्या मागे.