नाथाला हाक

आमचे तांडेलकाका जिवंत माणसांची हजेरी घ्यायचे तशी मेलेल्याचीही घ्यायचे, आणि उत्तराची वाट दोघांच्या बाबतीत सारखीच पाहायचे.

मूळचे ते किनाऱ्यावरच्या दांडी गावचे, स्वतःच्या होडीचे तांडेल, म्हणजे होडीवरचे मुख्य. धाकटा भाऊ नाथा वादळात होडीवरून पाण्यात गेला, सापडलाच नाही. तेव्हापासून त्यांनी समुद्र सोडला आणि कुंभवलीला माझ्या नवऱ्याच्या कारखान्यात वॉचमन झाले. आभाळातलं त्यांना जेवढं कळायचं तेवढं माझ्या मोबाइलला आजही कळत नाही. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत सफाळ्याच्या डोंगरपायथ्याशी आम्ही तंबू ठोकायला जायचो तेव्हा त्यांना आग्रहाने न्यायचो. चपला काढून ते मातीत उभे राहायचे आणि म्हणायचे, "दोनच्या आत जेवून घ्या." आम्ही निमूट जेवायचो. दोनला परतीच्या पावसाच्या सरी कोसळायच्याच.

वारा फिरला की होडीवरच्या रिवाजाने ते नावं पुकारायचे. "सायेब?" "हाय!" "वयनी?" "हाय!" "मनू?" माझी सहा वर्षांची लेक बेंबीच्या देठापासून ओरडायची, "हाऽऽय!" मग शेवटी, अगदी हलक्या आवाजात, "नाथा?" आणि मान कलती करून थांबायचे. तेवढ्यात माझ्या अंगावर सरसरून काटा यायचा. वाटायचं, आता बोलतंय कुणीतरी!

गेल्या वर्षी मी तडकलेच. "काका, पोरीसमोर मेलेल्याला हाका मारू नका हो. झोपेत दचकते ती." खरं म्हणजे दचकायचे मी. काका एवढंच म्हणाले, "बरं वयनी." मला जिंकल्यासारखं वाटलं, लाज वाटते आता सांगायला.

त्याच दुपारी आभाळ स्वच्छ होतं, मोबाइलवर सूर्याचं चित्र. काका मात्र एका जागी ठरेनात. "सायेब, पाखरा गप झाली. तंबू ऱ्हावं दे, वर चला." नवरा म्हणाला, "पाच मिनिटं, घडी घालतो." इथेच घात झाला. डोंगरावरून पाऊस पांढराफटक होऊन खाली आला आणि हातावरचं दिसेना. तंबू उडाले. सकाळी मनूच्या घोट्याएवढा असलेला ओहोळ बाजूलाच गुरगुरायला लागला.

काकांनी पुकारा सुरू केला. नवरा "हाय" म्हणाला, मी म्हणाले.

"मनू?"

काही नाही. मी घसा फाटेस्तोवर ओरडले. ओहोळाकडे धावणार तोच काकांनी माझा दंड पकडला.

"धावू नका, वयनी. त्याला बोलवू काय?"

परवानगी मागत होते माझी! "बोलवा हो! वाट्टेल त्याला बोलवा!"

"नाथाऽऽ!"

वारा क्षणभर पडला. काकांनी मान कलती केली, आणि ओहोळाकडे नाही, बरोबर उलट दिशेला चालू लागले. दिसत काहीच नव्हतं, पण एकदाही चाचपडले नाहीत. परत आले तेव्हा मनू त्यांच्या खांद्यावर होती, काकडलेली, केसांत करवंदीचे काटे अडकलेले. मी तिला घट्ट धरून मोठ्यांदा रडले.

घरी आल्यावर ती म्हणाली, "आई, मला माझं नाव ऐकूच नाही आलं. नाथा ऐकू आलं. त्याला कधीच कोणी उत्तर देत नाही ना, म्हणून मी 'हाय' म्हटलं."

हुश्श! केवढं बरं वाटलं मला. पोरीने ओ दिली, काकांनी ऐकली, संपलं. नवऱ्यानेही कारखान्यात सगळ्यांना हेच सांगितलं. त्यानंतर काकांनी नाथाला कधी हाक मारली नाही, तेही मला बरंच वाटलं.

यंदा नोकरी सोडून ते दांडीला परत निघाले. निरोपाला आले तेव्हा मी त्यांच्या पाया पडले. म्हटलं, "काका, मनूने 'हाय' म्हटलं आणि तुम्ही ऐकलंत, म्हणून पोर हाती लागली."

काका ओशाळल्यासारखे दारातच उभे राहिले. पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"पोरीचा आवाज मी वळखतो, वयनी," ते म्हणाले. "तो तिचा नवता."